सोपी वाट : रायगडाच्या चढणीचा इतिहास

डोंगर चढण्याचा सराव नसलेल्या माणसाने पहिला मोठा डोंगर कोणत्या वाटेने चढावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः आकड्यांत दिले जाते. इतके तास, इतक्या पायऱ्या, इतक्या बाटल्या पाणी. हे आकडे उपयोगाचे असतातच; परंतु सह्याद्रीतल्या किल्ल्यांबाबत ते अपुरे पडतात. हिमालयातल्या एखाद्या शिखरावर वाट सोपी की अवघड हे बर्फ, उतार आणि हवा ठरवतात. सह्याद्रीतल्या गडावर ते बव्हंशी माणसांनी ठरवलेले असते. कुणीतरी एक वाट बांधली, दुसरी मोडली, तिसरीच्या तोंडाशी बुरूज उभा केला, आणि मग जी उरली ती आज आपल्याला ‘सोपी’ वाटते. तेव्हा नवख्याने कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न पायांचा जितका आहे तितकाच इतिहासाचाही आहे. रायगडाच्या निमित्ताने तो उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

रायगड निवडण्याचे कारण साधे आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींनी आयुष्यात पहिल्यांदा चढलेला मोठा डोंगर हाच असतो. कळसूबाईचे शिखर उंचीने याच्या जवळजवळ दुप्पट, १६४६ मीटर. तिथे बारी गावाकडच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत आणि वर देवीचे देऊळ आहे. देवीच्या भक्तांना वर जाता यावे म्हणून ती वाट सुकर होत गेली. रायगडाची गोष्ट याच्या उलट आहे. इथली वाट सुकर होऊ नये यासाठी एका राज्याने आपले सारे कसब पणाला लावले होते, आणि तरीही त्याच वाटेने त्या राज्याला राजदूत, व्यापारी, धान्य, पालख्या आणि हत्ती वर न्यायचे होते.

* * *

रायगड समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून अधिक उंच आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तो सुटा उभा आहे. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी त्याला वेढले आहे, आणि वरचा माथा बहुतेक बाजूंनी उभ्या कड्यांनी तुटलेला आहे. दक्षिणेला महाड, तिथून सावित्री नदी, आणि नदीच्या मुखाशी बाणकोटची खाडी. म्हणजे डोंगरावर राहूनही समुद्राशी संबंध ठेवता यावा अशी ही जागा. त्या काळी रायरी म्हणून ओळखला जाणारा हा डोंगर शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला. पुढे राजधानीसाठी त्याची निवड झाली. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या निवडीचे जे वर्णन येते त्यात डोंगराच्या सौंदर्याला फारसे स्थान नाही. कडे तासल्यासारखे आहेत, त्यांवर पावसाळ्यातही गवत उगवत नाही, पाखराला बसायला जागा नाही, म्हणून तख्ताला हीच जागा योग्य, असा त्या वर्णनाचा आशय आहे. थोडक्यात, हा डोंगर चढता येत नाही हाच त्याचा गुण.

या विचारामागचे शास्त्र पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात शब्दबद्ध झाले. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण राजनीतीचा म्हणून वाचतो. परंतु त्यातले दुर्गांविषयीचे प्रकरण डोंगरवाटांचे म्हणूनही वाचण्यासारखे आहे. गडाचा मार्ग सुगम नसावा, सुगम असला तर तो मोडावा, त्यावर झाडी वाढवावी आणि अवघड जागेतून नवा मार्ग काढावा, असे तिथे सांगितले आहे. त्याच प्रकरणात आणखी एक बजावणी आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानावा; दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, त्यांतल्या रोजच्या राबत्यापुरत्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. या दोन्ही सूचना एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वाटा अनेक असाव्यात, पण त्या गडकऱ्याला ठाऊक असाव्यात. परक्याला एकच दिसावी, आणि तीही सहज चढू देणारी नसावी. ‘ट्रेकिंग’च्या आजच्या भाषेत ज्याला आपण ‘रूट’ म्हणतो तो दुर्गशास्त्राच्या भाषेत शत्रूला दिलेली माहिती ठरतो.

परंतु रायगड हा निव्वळ किल्ला नव्हता. तो राजधानी होता, आणि राजधानीला लोक यावे लागतात. वकील यावे लागतात, कारकून यावे लागतात, दूध-भाजी रोज वर यावी लागते, भट-ब्राह्मण, कारागीर, पाहुणे, वृद्ध माणसे यावी लागतात. हे सगळेच काही काटक मावळे नव्हेत. किल्ल्याला जी वाट शत्रूला न चढता येणारी हवी, तीच वाट राजधानीला नवख्याला चढता येण्याजोगी हवी. रायगडाच्या बांधणीतला हा मूळ पेच आहे. हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेले आहे ते आपण मोठ्या भक्तीने वाचतो. पण त्यांच्यापुढची सर्वांत कठीण अडचण महाल बांधण्याची नसून हा पेच सोडवण्याची असावी, असे आम्हांला वाटते.

पेच कसा सुटला हे आजही चालत जाऊन पाहता येते. पाचाडहून येणारा माणूस पूर्वी नाणे दरवाजाने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘नाना दरवाजा’ने आत शिरे. दोन कमानींचा, पहारेकऱ्यांच्या देवड्या असलेला हा दरवाजा तुलनेने लहान आहे. तिथून पुढची वाट एकदम अंगावर येत नाही. डोंगराच्या कुशीने वळत, चढ पसरत ती वर जाते. पालखीच्या भोयांना आणि ओझ्याच्या माणसांना झेपेल असाच तो चढ आहे. मात्र चालणारा सतत वरच्या तटाच्या नजरेखाली राहतो. वाटेत मशीदमोर्चा किंवा मदारमोर्चा या नावाची सपाटी लागते. तिथे पडक्या इमारती आणि एक तोफ आहे. त्यानंतर महादरवाजा. त्याच्या दोन बुरुजांपैकी एक सुमारे ७५ फूट आणि दुसरा सुमारे ६५ फूट उंच सांगतात, आणि तरीही दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. कारण वाट बुरुजांच्या बगलेतून वळवून आत घेतली आहे. दमून आलेला पाहुणा इथे थांबतो, श्वास घेतो आणि वर पाहतो. दमून आलेला शत्रूही इथेच थांबेल, पण त्याच्यावर दोन्ही बुरुजांतून मारा होईल. वाट एकच आहे. तिचा अर्थ येणाऱ्याच्या हेतूनुसार बदलतो.

* * *

या वाटेवरच्या एका नवख्याची नोंद सुदैवाने आपल्याकडे आहे. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांनी हेन्री ऑक्झेंडन याला राज्याभिषेकाच्या निमित्ताने रायगडाला पाठवले. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याचे खरे काम. तो मुंबईहून समुद्रमार्गे चौलला आला. तिथून अष्टमी, निजामपूर, गांगवली अशा मजला करत पाचाडला पोहोचला. आजही या मार्गावरून जाताना समुद्र मागे पडून सह्याद्री कसा हळूहळू जवळ येतो ते पाहण्यासारखे आहे. महाराज तेव्हा प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून ऑक्झेंडनला काही दिवस पायथ्याशीच वाट पाहत राहावे लागले. वर येण्याची परवानगी मिळाली तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास तो पाचाडहून निघाला आणि सूर्यास्ताच्या वेळी माथ्यावर पोहोचला. मे अखेरचा दिवस मोठा. म्हणजे या चढाईला त्याला सुमारे चार तास लागले. आजही सराव नसलेल्या माणसांचा गट, बरोबर सामान असेल आणि वाटेत बसत-उठत गेला, तर पाचाडपासून तीन-चार तास धरून चालणेच शहाणपणाचे. साडेतीनशे वर्षांत नवख्याच्या पायांत फारसा फरक पडलेला नाही!

ऑक्झेंडनने जे लिहून ठेवले त्याचा मथितार्थ असा : डोंगर कलेपेक्षा निसर्गानेच अधिक तटबंद केलेला आहे, वर जायला एकच वाट आहे, तिच्यावर दोन अरुंद दरवाजे आहेत आणि बाकी सर्वत्र सरळ तुटलेला कडा आहे, आतल्यांनी दगा दिल्याखेरीज तो पडणे शक्य नाही. एक वर्ष आधी, १६७३ मध्ये, थॉमस निकोल्स हा दुसरा इंग्रज येऊन गेला होता. खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि जिथे डोंगर दुबळा तिथे घातलेल्या भिंती त्याच्या ध्यानात राहिल्या. दोघांनाही एकच वाट दिसली. म्हणजे राज्याला परक्यांनी जे पाहावे असे वाटत होते, नेमके तेच त्यांनी पाहिले.

ऑक्झेंडनच्या वृत्तांतातला सर्वांत बोलका तपशील मात्र राज्याभिषेकाच्या दिवसाचा आहे. ६ जून १६७४ रोजी दरबाराच्या प्रवेशद्वारापाशी त्याने दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे दोन घोडे उभे पाहिले, आणि ज्या वाटेने आपण इतक्या कष्टाने आलो त्या वाटेने हे प्राणी कसे आणले असतील, याचे त्याला नवल वाटले. हत्ती पिल्ले असतानाच वर आणून वाढवले, असे गडावर सांगितले जाते. त्याची शहानिशा करण्याचे साधन नाही. पण नवल वाटणे हाच त्या हत्तींचा उद्देश होता, एवढे निश्चित. इंग्रज वकिलाला चार तास चढवून आणायचे, आणि त्याचा दम ओसरल्यावर त्याच माथ्यावर हत्ती दाखवायचा, यातले राजकारण समजायला कोणत्याही बखरीची गरज नाही.

आणि याच वाटेची दुसरी बाजूही विसरू नये. जिजाबाईंचा वाडा पाचाडला आहे, गडावर नाही. उतारवयात वरची हवा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी पायथ्याशी वाडा बांधला, असे परंपरा सांगते. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांची समाधीही पाचाडलाच आहे. राजमातेच्या वाट्याला जो डोंगर जड गेला तो चढता आला नाही म्हणून आज कुणी आजोबा-आजींनी संकोच मानण्याचे कारण नाही.

* * *

वाट एकच दिसावी, हे धोरण अमलात आणायचे तर बाकीच्या वाटा कुणाला तरी शोधाव्या लागतात. रायगडाभोवतीच्या दोन प्रसिद्ध कथा याच कामाविषयी आहेत, आणि त्यांची जुळणी एकसारखी आहे हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

पहिली हिरकणीची. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे मूल; ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. आपण ही कथा आईच्या मायेची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. दुसरी कथा कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. गड बांधून झाल्यावर महाराजांनी जाहीर केले की, दरवाजाखेरीज अन्य वाटेने, दोर-शिडी न लावता जो वर येईल त्याला सोन्याची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एका महार माणसाने ते आव्हान स्वीकारले, सर्वांच्या देखत कडा चढून निशाण लावले आणि बक्षीस घेतले. तो जिथून चढला ती जागा बंद करून तिथे चोरदरवाजा करण्यात आला.

दोन्ही कथांना समकालीन पुरावा नाही. त्या दंतकथाच आहेत. पण दंतकथा ज्या गोष्टी लपवत नाहीत त्या पाहण्यासारख्या असतात. दोन्हींत डोंगर खऱ्या अर्थाने ठाऊक असलेला माणूस पायथ्याचा गरीब रहिवासी आहे, एक गवळण आणि एक महार. दोन्हींत त्यांच्या ज्ञानाचा गौरव होतो, आणि दोन्हींत ते ज्ञान त्याच क्षणी भिंतीआड जाते. हिरकणीचे नाव तरी बुरुजाला लाभले. दुसऱ्या कथेतल्या माणसाचे नावही उरले नाही. ज्यांनी डोंगर अंगाखांद्यावर खेळवला त्यांच्या वाटा बंद झाल्या आणि पाहुण्यांसाठी बांधलेली वाट इतिहासाची वाट ठरली.

इथे युरोपातली एक समांतर घटना आठवते. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ होरास बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७६० मध्ये माँ ब्लाँच्या शिखरावर जाण्याची वाट जो शोधून काढील त्याला बक्षीस जाहीर केले. सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, शामोनी गावचा जाक बाल्मा आणि तिथला डॉक्टर मिशेल पाकार शिखरावर पोहोचले. बाल्मा हा डोंगरात फिरून स्फटिक गोळा करणारा गावकरी. म्हणजे पुन्हा पायथ्याचाच माणूस. पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः त्याच्या सोबतीने शिखरावर गेला, आणि हळूहळू ती चढाई हजारो हौशी लोकांची झाली. आधुनिक गिर्यारोहणाचा आरंभ इथून मानतात. बक्षीस दोन्हीकडे आहे, कडा चढणारा गावकरी दोन्हीकडे आहे. परंतु आल्प्समधले बक्षीस वाट सापडावी आणि ती सर्वांना खुली व्हावी म्हणून होते. रायगडाच्या कथेतले बक्षीस वाट सापडावी आणि ती कायमची बंद व्हावी म्हणून. सह्याद्रीत गिर्यारोहणाचा छंद विसाव्या शतकापर्यंत रुजला नाही याची कारणे अनेक आहेत. त्यांत हेही एक धरायला हरकत नाही. ज्या समाजात वाट ठाऊक असणे म्हणजे शत्रूला उपयोगी पडणे, तिथे वाटांची पुस्तके लिहिली जात नाहीत.

* * *

एवढे करूनही गड दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा त्यात वाटेच्या अवघडपणाचा काही उपयोग झाला नाही. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ मध्ये, मोगलांचा वेढा पडला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडावरून निसटले; ते वाघ दरवाजाने उतरले असे परंपरा मानते. तसे असेल तर आज्ञापत्रातली चोरदिंडीची शिकवण अनुभवातून आली आहे असे म्हणता येईल, कारण त्याचे कर्ते त्या संकटाच्या काळातलेच कारभारी. गड मात्र नोव्हेंबरमध्ये मोगलांना मिळाला. येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले. ऑक्झेंडनने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले, आतल्यांच्या दग्याविषयीचे वाक्य लोकांनी सूर्याजी पिसाळाच्या नावाशी जोडले. १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाची वाट चढण्याच्या भानगडीत न पडता समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला. वाड्यांना आग लागली, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. तोफेच्या पल्ल्याने वाटांचे शास्त्र निरर्थक केले.

त्यानंतर वाट राहिली, पण तिच्यावरून जाणारे कुणी राहिले नाही. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः रायगडावर जाऊन समाधी शोधल्याचे सांगितले जाते. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दुरवस्थेवर कोरडे ओढले. १८९५ मध्ये टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. या घटना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात येतात. डोंगराच्या इतिहासात त्यांचा अर्थ असा की, पहिल्यांदाच कुणाच्या परवानगीवाचून, कुणाच्या कामाशिवाय, केवळ पाहण्यासाठी आणि आठवण्यासाठी सामान्य माणसे ही वाट चढली. शां. वि. आवळसकरांचे ‘रायगडची जीवनकथा’ आणि गो. नी. दांडेकरांचे दुर्गलेखन यांनी पुढच्या पिढ्यांना वाट दाखवली. दुर्गभ्रमण हा मराठी माणसाचा छंद झाला तो असा, उत्सवातून आणि पुस्तकांतून.

* * *

आता मूळ प्रश्नाकडे यावे. आज रायगडावर जायला तीन मार्ग आहेत. पहिला चित्त दरवाजाकडून, खूबलढा बुरुजाच्या बाजूने पायऱ्यांचा. सहलींच्या बसगाड्या इथेच थांबतात. तो दरवाजा आता उरलेला नाही. पायऱ्या हजाराहून कितीतरी अधिक आहेत आणि सुरुवातीचाच चढ दम काढणारा आहे. दुसरा नाणे दरवाजाचा जुना राजमार्ग. तो लांबीने काहीसा अधिक, चढाने काहीसा सौम्य. हे दोन्ही महादरवाजाच्या अलीकडे एकत्र येतात. तिसरा रज्जुमार्ग, १९९६ पासून तो हिरकणीवाडीतून चार-पाच मिनिटांत माणसाला वर नेतो.

या तिन्हींत नवख्याने नाणे दरवाजाची वाट चढायला आणि पायऱ्यांची वाट उतरायला घ्यावी, असे आमचे मत आहे. त्याचे पहिले कारण शरीराचे आहे. पसरट चढावर श्वास आपल्या लयीत राहतो. एकामागून एक पायऱ्या पहिल्या अर्ध्या तासातच मांड्या भरून आणतात, आणि मग उरलेला गड माणूस फक्त सोसतो. उतरताना मात्र पायऱ्यांवर पाऊल कुठे टाकायचे ते समजते. अर्थात गुडघे दुखत असतील त्यांनी रज्जुमार्गानेच खाली यावे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही वाट नवख्यासाठीच आखलेली होती. ऑक्झेंडनसाठी, धान्याच्या बैलांमागून येणाऱ्या माणसासाठी, पालखीतल्या स्त्रीसाठी आणि पालखी वाहणाऱ्या भोयासाठी. तिच्यावरून चालताना देवड्या, मोर्चा आणि मग अचानक समोर येणारा महादरवाजा हे ज्या क्रमाने दिसावेत अशी योजना होती त्याच क्रमाने दिसतात. पुस्तकाची पाने क्रमाने वाचावी तसा गड क्रमाने वाचता येतो. रज्जुमार्गाने गेलेल्याला राजवाडा, बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी पाहायला मिळते. पण ही सगळी वस्ती एवढ्या उंचीवर का, याचे उत्तर खालीच राहते.

मात्र रज्जुमार्गाला नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. ज्या गडाच्या पायथ्याशी राजमातेसाठी वाडा बांधावा लागला, तिथे वृद्धांना आणि अपंगांना चार मिनिटांत समाधीपर्यंत नेणारी सोय ही राजधानीच्या मूळ कल्पनेला धरूनच आहे. तरुण मुलांनी तिचा वापर आळसापोटी करू नये, इतकेच.

काळ निवडतानाही असाच विचार हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्याचा काळ. पहाटे निघून ऊन तापण्याआधी महादरवाजा गाठावा. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो आणि वाटेवर सावली कमी. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि ६ जून या दोन दिवशी राज्याभिषेकाचा सोहळा असतो. भक्तिभावाने जरूर जावे, पण पहिल्या चढाईसाठी ती गर्दी नव्हे. आणि भर पावसाळ्यात तर नाहीच. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीने पायऱ्यांच्या वाटेवरून पाण्याचा लोंढा आला, त्यात पर्यटक अडकले, आणि प्रशासनाला गड काही काळ बंद करावा लागला. हा केवळ अपघात नव्हे. डोंगरावर पडलेले पाणी खाली यायला सोपी वाटच शोधते. आपली आणि पाण्याची निवड पावसाळ्यात एकच असते.

अलीकडे एक वेगळाच मोह दिसतो. मोबाईलवर कुणाची तरी चित्रफीत पाहून मुले वाघ दरवाजाच्या किंवा हिरकणी कड्याच्या बाजूच्या घसाऱ्यावर उतरतात. शेजारच्या लिंगाण्याचा सुळका, जो दोर आणि जाणता सोबती यांवाचून चढूच नये, तोही कुणाला ‘पहिला ट्रेक’ म्हणून खुणावतो. ‘पायऱ्यांनी तर कुणीही जातो’ हे या मोहाचे वाक्य असते. वस्तुतः पायऱ्यांनी कुणीही जाऊ शकतो, हीच त्या वाटेची थोरवी आहे. बंद वाटा अनुभवी गिर्यारोहकांनी साधनांसह अभ्यासाव्यात, त्याला कुणाची ना नाही. पण ज्या वाटा तीनशे वर्षांपूर्वी जाणत्यांनी पारखून बंद केल्या, त्या नवख्याने धाडस म्हणून उघडू पाहणे यात ना इतिहासाची जाण आहे ना डोंगराची. हिरकणी हौसेने उतरली नव्हती.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत रायगड आहे आणि याच जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळचा खांदेरीही आहे. आता येणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि त्यांतले पुष्कळसे नवखे असतील. त्यांच्यासाठी आणखी पायऱ्या, आणखी कठडे, आणखी सोयी यांची मागणी होईल. काही आवश्यकही असतील. परंतु जुनी वाट ही स्वतःच गडावरची एक वास्तू आहे, राजसदरेइतकीच जुनी आणि तिच्याहून अधिक शाबूत, हे त्या वेळी ध्यानात ठेवायला हवे. दरवाजा आणि बुरूज जपायचे आणि त्यांना जोडणारा चढ फरशीखाली गाडायचा, हे जतन नव्हे.

विद्यार्थ्यांना गडावर नेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. बस चित्त दरवाजाशी लावण्याऐवजी पाचाडला थांबवावी. जिजाबाईंच्या समाधीपाशी पाच मिनिटे उभे राहावे. मग रायगडवाडीच्या रस्त्याने नाणे दरवाजा गाठावा आणि वर्गातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला पुढे ठेवून, त्याच्या चालीने सर्वांनी वर जावे. वाटेत पायथ्याच्या गावातल्या बायका ताक विकायला बसलेल्या असतात; ते घ्यावे, आणि ही हंडी घेऊन त्या रोज कोणत्या वाटेने येतात ते त्यांना विचारावे.